ओळ पुसली की वस्तूही गेली पाहिजे

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम उभी करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत व्यवस्थापक यंत्राला क्रमाने आज्ञा देत जातो: हे पॅकेज बसव, ती फाइल बदल, अमुक सेवा सुरू कर. दुसऱ्या रीतीत तो यंत्र अखेरीस कसे असावे याचे वर्णन मजकुरात लिहून ठेवतो आणि त्या वर्णनाबरहुकूम यंत्र घडवण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवतो. हिला घोषणात्मक रचना म्हणतात. निक्सओएस ही लिनक्स प्रणाली या रीतीचे ठळक उदाहरण होय. तिच्यावर अनुभवी व्यवस्थापक जे आक्षेप घेतात ते उथळ नाहीत. परंतु त्यांतील मुख्य आक्षेप एका गैरसमजावर उभा आहे.

तो आक्षेप असा की, यात नवे काहीच नाही. मार्क बर्जेस यांनी ऑस्लो येथे 1993 मध्ये सीएफइंजिन लिहिले तेव्हापासून यंत्राची अपेक्षित स्थिती लिहून ठेवण्याची सोय आहे. पुढे पपेट आणि अ‍ॅन्सिबल आले, आणि अ‍ॅन्सिबलचे प्लेबुक, म्हणजे कामांची लिखित यादी, कितीही वेळा चालवले तरी परिणाम तोच राहतो, मग वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा खटाटोप कशाला? या साधनांनी हजारो सर्व्हरांचा कारभार सांभाळला, हे निर्विवाद आहे. मात्र त्यांची खरी परीक्षा काही बसवताना होत नाही, काढताना होते. प्लेबुकात वेब सर्व्हर एन्जिनएक्स बसवण्याची आणि फायरवॉलमधील त्याचे पोर्ट उघडण्याची कामे लिहिलेली आहेत आणि सहा महिन्यांनी ती पुसली, असे समजा. प्लेबुक पुन्हा चालवले तरी एन्जिनएक्स चालूच राहतो आणि पोर्टही उघडेच राहते, कारण प्लेबुकाला त्यात लिहिलेल्या गोष्टींपलीकडचे यंत्र ठाऊकच नसते. ती काढायची तर ‘हे नसावे’ अशी स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि जे विसरले गेले त्याची नोंद कोण करणार? कागदावर नाही पण यंत्रावर आहे, अशा अवशेषांतूनच पुढची दुखणी उद्भवतात.

लिहिलेले वर्णन आणि प्रत्यक्ष यंत्र यांतील हा भेद नवा नाही. स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राउन यांनी 2002 च्या निबंधात यंत्रे सांभाळण्याच्या तीन अवस्था सांगितल्या: यंत्र वर्णनापासून दूर जात राहते ती पहिली, वर्णनाच्या जवळ येत राहते ती दुसरी, आणि वर्णनाशी पूर्णपणे जुळलेले असते ती तिसरी. सीएफइंजिन व त्याचा वारसा सांगणारी साधने दुसऱ्या अवस्थेची आहेत. निक्सओएसचा दावा तिसऱ्या अवस्थेच्या अगदी लगतचा आहे, आणि त्यामागे ठोस यंत्रणा आहे.

एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठात 2006 मध्ये सादर केलेल्या प्रबंधात निक्स या पॅकेज व्यवस्थापकाची मांडणी आहे. त्यात प्रत्येक पॅकेज ‘निक्स स्टोअर’ या एकाच डिरेक्टरीत आपापल्या स्वतंत्र जागी राहते, आणि त्या जागेच्या नावात 32 अक्षरांचा हॅश असतो. हा हॅश म्हणजे मूळ सोर्स, कंपायलर, बांधणीचे पर्याय आणि आधारभूत लायब्रऱ्या अशा सर्व घटकांवरून काढलेली खूण होय. घटकांपैकी एक जरी बदलला तरी खूण बदलते आणि पॅकेज नव्या जागी बांधले जाते, जुन्याला धक्का लागत नाही. निक्सओएसने हेच तत्त्व संपूर्ण सिस्टिमला लावले. कर्नल, सेवा आणि त्यांच्या सेटिंगच्या फाइली वर्णनावरून दर वेळी नव्याने ठरवल्या जातात, त्यांतून सिस्टिमची एक नवी ‘पिढी’ तयार होते आणि यंत्राचा निर्देश तिच्याकडे वळवला जातो. म्हणून ‘सर्व्हिसेस.एन्जिनएक्स.एनेबल = ट्रू’ ही ओळ आणि पोर्टची ओळ पुसून सिस्टिम पुन्हा बांधली की नव्या पिढीत ती सेवा नसते; चालू असलेली प्रक्रिया थांबते आणि पोर्ट बंद होते, त्यासाठी काढण्याची वेगळी आज्ञा लागत नाही. बदल अंगाशी आला तर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून आधीची पिढी निवडता येते. मागील पिढ्या साफ करेपर्यंत डिस्कवर जागा अडवतात हे खरे, पण परतीची वाट मोकळी राहण्याचे हे मोल फार नाही.

दुसरा पक्ष म्हणतो की, तयार सिस्टिमची प्रतिमा जपून ठेवली की भागते. प्रतिमा यंत्र कसे आहे ते जतन करते, तसे का आहे हे सांगत नाही. दोन प्रतिमांतील फरक माणसाला वाचता येत नाही, आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की प्रतिमा पुन्हा बांधण्यासाठी कृती हाताशी लागतेच. डॉकरफाइल ही अशीच एक कृती. तिच्यात ‘अ‍ॅप्ट-गेट अपडेट’ ही आज्ञा असली की तीच फाइल जानेवारीत एक प्रतिमा देते आणि जूनमध्ये दुसरी. अर्थात निक्सओएसची संरचना-फाइलही एकटी पुरेशी नाही. पॅकेजसंग्रहाची नेमकी आवृत्ती लॉक-फाइलमध्ये बांधून ठेवली नाही, तर तिच्यातही हाच दोष शिरतो.

वर्णन ज्या भाषेत लिहायचे ती निक्सची भाषा अवघड आहे आणि तिचे त्रुटिसंदेश नवख्याला बुचकळ्यात टाकतात, हा आक्षेप मान्य करावाच लागतो. परंतु तो भाषेवरचा आक्षेप आहे, रीतीवरचा नाही: लुडोविक कूर्तेस यांनी 2012 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू गिक्सने हीच रीत स्कीम या जुन्या, प्रस्थापित भाषेत राबवून दाखवली.

सर्वांत वजनदार आक्षेप यंत्रावर साठत जाणाऱ्या माहितीविषयी आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलली की डेटा साठवण्याची पद्धत बदलते आणि आधीच्या पिढीवर परत गेल्याने डेटा मागे येत नाही. शिवाय निक्स स्टोअर यंत्रावरील प्रत्येक वापरकर्त्याला वाचता येत असल्यामुळे पासवर्ड वर्णनात लिहिणे घातक ठरते आणि गुपितांसाठी निराळी व्यवस्था करावी लागते. घोषणात्मक रचना डेटाचे रक्षण करते असे जे समर्थक म्हणतात, ते तिचे नुकसानच करतात. तरीही या आक्षेपातून रीत बाद ठरत नाही, तिची हद्द तेवढी आखली जाते, आणि ती हद्द इतकी स्पष्ट आखण्याची सोय अन्य रीतींत सहसा नाही. निक्सओएस सुरू होण्यास ‘बूट’ आणि ‘निक्स’ या दोनच डिरेक्टऱ्या पुरतात. म्हणून काही वापरकर्ते मूळ फाइल-व्यवस्था मेमरीत ठेवून प्रत्येक वेळी ती कोरी करतात, आणि टिकवायचे ते डेटाबेस, लॉग व घरच्या फाइली नावानिशी वर्णनात नोंदवतात; बॅकअपची यादीही तीच. ज्या डिरेक्टरीची नोंद राहून गेली ती संगणक पुन्हा सुरू करताच नाहीशी होते, आणि बॅकअपच्या यादीतील उणीव डिस्क निकामी होण्याआधीच उघडी पडते.