चिठ्ठी वाचणारा फोन

मधुमेहाने नजर गेलेल्या माणसाला ‘ब्रेल शिका’ म्हणणे सोपे आहे. पण साठीत नवी लिपी शिकणे अवघड, आणि त्याच मधुमेहाने अनेकदा बोटेही बधिर झालेली असतात. ठिपके कागदावर असतात, बोटाला कळत नाहीत. अशांसाठी छापील मजकूर मोठ्याने वाचणारे तंत्र ही चैन नव्हे.

असे पहिले यंत्र १९७६ साली अमेरिकेत रे कुर्झवाईल यांनी आणले. ते चांगले मोठे धूड होते. आज तेच काम खिशातला फोन करतो. कॅमेरा कागदावर धरला की एक प्रणाली अक्षरे ओळखते, दुसरी ती बोलून दाखवते. गूगल लेन्स मराठीही वाचते. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते. त्याची सुरुवात २००६ मध्ये मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने केली.

मग बिद्रीसारख्या गावात घोडे अडते कुठे? कागदावरच. उसाच्या काट्याची पावती किंवा सात-बारा स्वच्छ छापलेला असेल तर फोन बऱ्यापैकी वाचतो. छपाई पुसट झाली की ‘घ’चा ‘ध’ होतो, शिरोरेषा तुटली की शब्द फुटतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधली फाइल तर पडद्यावर मराठी दिसते आणि कानाला निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकवते. आणि डॉक्टरांचे हस्ताक्षर? ते दुकानदारालाही कष्टाने लागते, फोन काय वाचणार! औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असे वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच सांगितले आहे.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. चमकदार पाकिटावरचा दशांश बिंदू निसटला तर ०.५ चे ५ होतात. फोनने सांगितलेला डोस औषध दुकानदाराकडून किंवा आशाताईंकडून पडताळून घ्यावा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे; त्यात नाव, बॅच आणि मुदत असते. तो स्कॅन करणे पुसट छपाई वाचण्यापेक्षा भरवशाचे.

मोतीबिंदूची शिबिरे व्हावीतच. पण ज्यांची नजर परत येणार नाही, त्यांना त्याच दिवशी फोनमधले ‘टॉकबॅक’ सुरू करून शिकवणारा एक माणूस नेत्रतपासणीच्या खोलीबाहेर बसवायला हवा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक खुर्ची आणि थोडा वेळ लागतो.