यंत्रविचार : मुक्या मोडेमचें निदान

घरांतील एखादें यंत्र बोलेनासें झालें, कीं आपण दोन प्रश्न लागलीच विचारतों : 'हें कोणीं बिघडविलें?' आणि 'नवें केवढ्याला मिळेल?' 'हें मुळांत आहे तरी काय?' हा तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. आज तोच विचारावयाचा आहे.

सन २००० च्या सुमाराचे लॅपटॉप पुष्कळ घरांत माळ्यावर पडून आहेत. एखादा होतकरू मुलगा त्यावर लिनक्स ही प्रणाली चढवून तो पुन्हां चालता करतो. पडदा उजळतो, अक्षरें उमटतात. टेलिफोनच्या तारेशीं बोलणारें मोडेम-कार्ड मात्र मुकें राहतें. मग वडीलधारी मंडळी निकाल देतात, 'विंडोजवर चालत होतें. याच्या हातीं गेलें आणि बिघडलें!' हा निकाल कितपत खरा, तें पाहूं.

मोडेमचें काम दुभाष्याचें. संगणकाची शून्य-एकाची भाषा ध्वनिरूपानें तारेवर पाठवावयाची आणि आलेला ध्वनि उलट शून्य-एकांत बदलावयाचा. जुन्या, संपूर्ण मोडेमला या कामापुरती स्वतःची बुद्धि असे. १९८१ सालीं हेज या अमेरिकन कंपनीच्या मोडेमबरोबर आलेल्या, 'एटी' या अक्षरांनीं सुरू होणाऱ्या आज्ञा त्याला कोणत्याही संगणकाकडून समजत. पुढें १९९० नंतरच्या दशकांत किंमत उतरविण्यासाठीं ही बुद्धि कार्डांतून काढण्यांत आली. तारेशीं जोडणारा भाग तेवढा कार्डावर राहिला. बाकीचें गणित संगणकाच्या प्रोसेसरनें करावयाचें. सांख्यांचा अंधपंगुन्यायच हा! परंतु या दोघांची गांठ घालून देणारा जो ड्रायव्हर, तो उत्पादकांनीं बहुधा विंडोजपुरताच लिहिला व कार्डाची आंतली रचना गुप्त ठेविली. म्हणून अशा मोडेमना लोक 'विनमोडेम' म्हणूं लागले. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी येथें आरंभिलेली लिनक्स प्रणाली सर्वांना खुली आहे. परंतु जें कोणीं सांगितलेंच नाहीं, तें तिनें जाणावें कसें?

आतां निदानाकडे वळूं. वेष्टनावरील नांव बाजूस ठेवून प्रथम आंतल्या चिपचें कुल शोधावें. पोटांतील मोडेमसाठीं 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्यावी. बाजूच्या खांचेंत सरकवावयाच्या कार्डासाठीं 'पीसीकार्डसीटीएल आयडेंट' ही. मोडेम संपूर्ण असेल, तर लिनक्स त्याला 'टीटीवायएस' या अक्षरांनीं सुरू होणारें नांव देते. मग 'मिनिकॉम' या प्रोग्राममधून 'एटी' हीं दोन अक्षरें धाडावीं. 'ओके' असें उत्तर आलें, कीं कार्ड जिवंत आहे असें समजावें. त्याऐवजीं 'परवानगी नाहीं' असें दिसलें, तर डेबियनसारख्या प्रणालींत वापरणाऱ्याचें नांव 'डायलआउट' या गटांत घालावें. नंबर फिरवितांना 'डायलटोन नाहीं' अशी तक्रार आली, तर आधीं तार तपासावी. तार ठीक असल्यास 'एटीएक्स३' ही आज्ञा द्यावी, म्हणजे मोडेम टोनची वाट न पाहतां नंबर फिरवितो.

चिप ल्युसेंट, कोनेक्झंट किंवा स्मार्टलिंक यांच्या कुलांतील निघाली, तर मोडेम बहुधा बुद्धिहीन समजावा. त्यांच्यासाठीं लिनक्सचे ड्रायव्हर पुढें निघाले. पण ते अंशतः बंद, आणि त्या काळच्या २.४ व २.६ या कर्नलांसाठीं केलेले. कोनेक्झंटसाठीं लिनक्सअँट कंपनीनें दिलेला फुकट ड्रायव्हर सेकंदाला ५६ हजार बिटांऐवजीं १४.४ हजारांवरच थांबे. पूर्ण वेगासाठीं पैसे मोजावे लागत. तेव्हां अशा लॅपटॉपवर त्याच काळांतील लिनक्स घालावें, अथवा सीरियल पोर्टाला जोडण्याचा, स्वतःची बुद्धि असलेला बाहेरचा जुना मोडेम मिळवावा.

आतां वडिलांच्या निकालाकडे पुन्हां पाहूं. ड्रायव्हर असतां मोडेम बोलतो, हा अन्वय. ड्रायव्हर नसतां तो मुका, हा व्यतिरेक. कारण ठरलें तें ड्रायव्हर. मुलाचा हात लागणें ही केवळ त्याच वेळीं घडलेली गोष्ट. तिला कारण मानणें हा उघड हेत्वाभास होय. आज इंटरनेटसाठीं घरांत या मोडेमची गरज उरलेली नाहीं, आणि तो बोलला नाहीं तरी कोणाचें अडणार नाहीं. परंतु न केलेल्या अपराधाचा ठपका बसलेला मुलगा पुन्हां कोणत्याही यंत्राचें झांकण उघडावयास धजत नाहीं, हें नुकसान मोठें आहे. म्हणून त्याला बोल लावण्यापूर्वीं वडिलांनीं त्याच्या शेजारीं बसून चिपचें कुल एकदां वाचून घ्यावें.