कमरेची सुरी म्हणजे शिकार नव्हे



आपल्या पाड्यांवर सध्या एक नवाच धंदा चालू झाला आहे. माणूस रानातून घरी येतो. डोक्यावर सुक्या लाकडांचा भारा, कमरेच्या आकडीत कोयता, पिशवीत भाकर आणि एक लहान सुरी. नाक्यावर गार्ड उभा असतो. तो भाऱ्याला काही म्हणत नाही, कोयत्यालाही म्हणत नाही. सुरी हातात घेतो आणि विचारतो, "काय रे, ही कशाला? कातडं सोलायलाच ना? काय मारलंस?" मारलेलं काहीच नसतं. रक्ताचा डाग नाही, केस नाही, पीस नाही. तरी सुरी जाते. कधी सुरीसोबत कोंबडी जाते, कधी पन्नासची नोट जाते. पावती मात्र आजवर कोणाच्या हातात पडलेली नाही.

म्हणून या अंकात सुरीवरच लिहायचं ठरवलं. कनची सुरी चांगली, ती कशासाठी लागते आणि ती काढून घेण्याचा हक्क कोणाला किती, हे एकदा कागदावर येऊ द्या.

सोलायची सुरी ही घरातली वस्तू आहे. वाघबारशीला वाघदेवाला बोकड देतो, कोंबडं देतो. लग्नात, बाराव्याला मटण लागतं. कातकरी भाऊ शेतातले उंदीर खणून काढतात, आणि उंदराला तर त्यांच्या कायद्यानेही राखलेलं नाही, तो 2023 पर्यंत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. हे सगळं सोलायला, साफ करायला सुरीच लागते. शहरातला माणूस खाटकाकडून पिशवीत मटण आणतो, त्याला सुरी दिसत नाही. आपल्याकडे खाटीक नाही, आपणच आपले खाटीक. एवढाच फरक.

आता सुरी कशी असावी. कोयत्याने सोलू नका, हे जुनी माणसं सांगतात ते खरंच आहे. कोयता हाड तोडायला, सुरी कातडं सोडवायला, ही दोन कामं वेगळी. सुरीचं पातं चार-पाच बोटं लांब, पातळ, आणि पुढे पोटाला गोलाई आलेलं असावं. टोक फार अणकुचीदार नको. टोकदार सुरी आतड्याला लागते, पित्ताला लागते, आणि पित्त फुटलं की अख्खं मटण कडू. पोट फाडताना धार वर ठेवायची, पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं घालायची आणि बोटांनीच आतडं खाली दाबत पुढे जायचं. कातडं तर सुरीने कमी आणि मुठीने जास्त सोडवायचं असतं. मागच्या पायाला चीर दिली, कडा सुटली, की मूठ घालून ढकलत न्यायचं. जो सारखी सुरी चालवतो त्याच्या कातड्याला भोकं पडतात. मग ढोलाला ते कातडं काय कामाचं?

पाती कशाची, यावर पाड्यापाड्यात वाद आहेत. पोरं बाजारातून चकचकीत स्टीलचा चाकू आणतात, त्याला गंज चढत नाही म्हणून. पण तो नदीच्या दगडावर लवकर पाजळत नाही, आणि एकदा धार गेली की गेली. लोहाराने गाडीच्या पाट्याचं लोखंड तापवून ठोकलेली सुरी काळी पडते, ओली ठेवली तर गंजते, पण दगडावर दहा वेळा ओढली की पुन्हा नवी. काम झालं की पुसून मोहट्यांच्या तेलाचं बोट फिरवायचं, बस. लोहाराकडून घेताना अंगठ्याच्या नखावर धार हलकी टेकवून पाहा. घसरली तर परत द्या, अडकली तर ठेवा. पाणी जास्त पाजलेली पाती ठिसूळ होते, हाडाला लागून तिचा तुकडा उडतो. कमी पाजलेली वाकते. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं. नुसतं बोटभर आत खोचलेलं असलं तर चरबीने हात घसरतो आणि मूठ सुटून येते.

आमचं मत विचाराल तर लोहाराचीच घ्या. बटनचा चाकू तर मुळीच नको. तो सोलायला निकामी आणि पोलिसाच्या नजरेत गुंडाचा. उगाच त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? लोहाराला मदत करायची असेल तर त्याच्या कोळशाचाही विचार करा. कोळसा पाडायला बंदी, आणि कोळशाशिवाय भाता काय जाळणार?

आता त्यांच्या शिकारीचं बोलू. रान रिकामं कोणी केलं? इंग्रजाच्या राज्यात वाघ मारणाऱ्याला सरकारच इनाम देत होतं. साहेब आणि राजे मचाणावर बसायचे आणि हाका घालायला वेठीने माणसं आपल्यासारखीच. पलीकडे सरगुजा हे आदिवासींचंच मुलूख. तिथल्या महाराजाने एक हजाराहून जास्त वाघ मारले, असं तो स्वतःच सांगायचा. म्हैसूरला व्हॅन इंगेन नावाच्या घराण्याचा कारखानाच होता. तिथे वाघ-बिबट्यांची कातडी दिवाणखान्यासाठी तयार होत. ती कातडी रानात कोणी सोलली असतील? साहेबाने? साहेब फोटोपुरता बंदूक धरून उभा राहायचा. वाघाची शिकार देशभर बंद झाली ती 1970 साली, वन्यजीव कायदा आला 1972 साली, आणि परवान्यावरच्या शिकारीचं दार बंद झालं ते थेट 1991 च्या दुरुस्तीने. इतकी वर्षं त्यांच्या भिंतीवर शिंगं लागत होती तेव्हा सुरी हा पुरावा नव्हता. आता आपल्या पिशवीतली सुरी पुरावा झाली.

कोणी म्हणेल, संघटना शिकारीला पाठीशी घालते. घालत नाही. भेकर, ससा, मोर, डुक्कर मारणं आज गुन्हा आहे आणि त्यात पोराला तुरुंगात जावं लागलं तर घर बसतं. जाळी, फासे लावू नका हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. पण दुसरी बाजूही ऐका. पीक खाणारं डुक्कर मारायला कलम 11 खाली लेखी हुकूम मिळू शकतो, असं कायदा म्हणतो. तो हुकूम वरच्या साहेबाचा, आणि तो येईपर्यंत डुक्कर शेत आटोपून पुढच्या पाड्याला गेलेलं असतं. आणि हुकमाने मारलं तरी कलम 39 प्रमाणे ते सरकारचं. म्हंजे डुक्कर सरकारचं आणि नागली तेवढी आमची!

याच कलमातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रानात मेलेलं जनावर सापडलं, वाघाने खाऊन टाकलेलं असो की विहिरीत पडून मेलेलं, तेही सरकारचंच. त्याला सुरी लावू नका. 48 तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा त्यांच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. "मेलेलंच तर होतं" हे कोर्टात चालत नाही, आणि अशा वेळी पिशवीतली सुरी खरोखर पुरावा होते.

आता सुरी जप्त करण्याचं. 1927 च्या जंगल कायद्याच्या कलम 52 प्रमाणे अवजार जप्त करता येतं ते वनउपजाच्या गुन्ह्यात वापरलेलं. वनउपजच नाही, कातडं नाही, शिंग नाही, तर अवजार कोणत्या गुन्ह्याचं? शिवाय जप्त केलेल्या वस्तूवर खूण करायची असते आणि वर रीतसर रिपोर्ट पाठवायचा असतो. खिशात घालून न्यायची नसते. याच कायद्याचं कलम 62 आणि वन्यजीव कायद्याचं कलम 53, दोन्ही सांगतात की उगाच त्रास द्यायला वस्तू जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिने कैद किंवा 500 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे आकडे पाठ करा. गार्ड चांगला असेल तर त्यालाही वाचून दाखवा, त्यालाही पुष्कळदा हे ठाऊक नसतं.

पोलीस हत्यार कायदा दाखवतील. त्याच्या 2016 च्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू धरले आहेत, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपली सुरी चार-पाच बोटांची. कोयता मोठा असला तरी शेतीचा.

अभयारण्यातल्या गावांचं दुखणं मात्र वेगळं आहे. तानसा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड इथल्या भावांना हे लागू. वन्यजीव कायद्याने "हत्यार" शब्दात चाकूही घातला आहे, आणि कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. ज्याचं घरच अभयारण्यात, त्याने बाजारातून सुरी आणायची कशी? चुलीपाशी विळी आहे, ती हत्यार का? हे लिहिणाऱ्याने रानातलं घर कधी पाहिलंच नसावं.

यावर काही कार्यकर्ते म्हणतात, परवानगी मागणं म्हणजे त्यांचं राज्य मान्य करणं, मागायचीच नाही. काही म्हणतात, सुऱ्या घरी लपवून ठेवा. आम्हाला दोन्ही पटत नाही. लपवली की ती चोरीची झाली. आणि अर्जच नसला तर पोराला पकडल्यावर वकिलाच्या हातात एक कागद नसतो. अभयारण्यातल्या प्रत्येक पाड्याने एक सामुदायिक अर्ज द्यावा. त्यात "शिकारीचं हत्यार" हा शब्द कुठेही नको. "घरगुती व शेतीची अवजारं: कोयता, कुऱ्हाड, विळा, सुरी" असं लिहा, घरटी किती ते लिहा, सह्या-अंगठे घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

बाकीच्या गावांनी नाक्यावर एवढंच करा. सुरी मागितली तर भांडू नका, हिसकू नका. सुरी हातात असताना आवाज चढला तर उलटीच केस होते. दोन माणसं बोलवा आणि म्हणा, "साहेब, पंचनामा करा, पावती द्या, कलम लिहा." मग बघा, पुष्कळ वेळा सुरी परत मिळते. बायांना एकटं गाठतात, म्हणून लाकडाला जाताना टोळीनेच जावं.

ज्यांच्या सुऱ्या, कोयते, कुऱ्हाडी यंदा गेल्या, त्यांनी येत्या बैठकीला गाव, दिवस, जागा, वस्तू आणि सोबत कोण होतं एवढं सांगावं. पावती नसली तरी सांगा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून आणा. यादी झाली की ती घेऊन आपण सगळे मिळून रेंज ऑफिसला जाणार आहोत.