बंद संगणकांतील संचित

घरचा संगणक सुरू होईनासा झाला, कीं मुलांचीं छायाचित्रें व वडीलधाऱ्यांचीं पत्रें बुडालीं असें समजून कुटुंबें हळहळतात. वस्तुतः पुष्कळदां दोष वीज पुरविणाऱ्या भागांत किंवा विंडोजमध्यें असतो. हार्ड डिस्कवरील मजकूर शाबूत राहतो. म्हणून विंडोज नव्यानें बसविण्याची घाई करूं नये. त्यानें जुना मजकूर पुसला जाण्याचा संभव असतो. प्रथम डिस्क काढवून दुसऱ्या संगणकास जोडावी व नक्कल करून घ्यावी. ती टकटक वाजत असल्यास किंवा भिजली असल्यास मात्र पुन्हां वीज न देतां जाणकाराकडे सोंपवावी.

२६ जुलै २००५ रोजीं जुहूशेजारच्या सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. असें संकट सांगून येत नाहीं. यास्तव एक प्रत घराबाहेर, आप्तांकडे ठेवावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.