कुठं टाकता पोराला?

मुलगा पाचवीत गेला तेव्हापासून चांदूर रेल्वेच्या स्टेशन रोडवर जो भेटतो तो एकच विचारतो, "मंग, कुठं टाकता यंदा पोट्ट्याले?" आपल्याकडे मुलाला शाळेत टाकतात, होस्टेलात टाकतात. जन्मभर हा शब्द ऐकत आलो, वापरतही आलो. गेल्या तीन महिन्यांत मात्र तो मला टोचू लागला आहे.

दहा वर्षांचा मुलगा हुशार निघाला की आमच्या भागात बापाच्या डोळ्यांपुढे दोन नावं येतात, सैनिक स्कूल आणि नवोदय. त्या दोन्हींच्या अलीकडे आता तिसरा टप्पा उभा राहिला आहे, निवासी अकॅडमी. चौथी-पाचवीची मुलं वर्षभर तिथंच ठेवायची आणि प्रवेश परीक्षेसाठी घोटून घ्यायची. बसस्टँडपासून तहसीलपर्यंत त्यांचे फ्लेक्स लागलेले असतात. त्यावर निवड झालेल्या मुलांचे फोटो ओळीनं असतात. उरलेली मुलं कुठं गेली, ते फ्लेक्सवर नसतं.

सैनिक शाळेबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो वरवरचा नाही. लष्करातले अधिकारी ठरावीक भागांतून आणि ठरावीक घरांतूनच येऊ नयेत, साध्या घरातल्या मुलालाही ती वाट मोकळी व्हावी, हा विचार घेऊन संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात या शाळा सुरू झाल्या. देशातली पहिली सैनिक शाळा आपल्या साताऱ्यात, २३ जून १९६१ ला. त्याही आधी, १९३७ साली, नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं होतं. विदर्भाला मात्र आपली सैनिक शाळा मिळायला २०१९ उजाडलं. ती चंद्रपूरला झाली आणि वऱ्हाडातल्या बापांना सातारा जितका लांब वाटायचा, तितकं हे लांब राहिलं नाही. वर्ध्याला गाडी बदलली की पोचता येतं. वर्षाचा खर्च लाखाच्या वर जातो, तरी माणसं जमवाजमव करतात.

माझी मोठी मुलगी आता बारावीला आहे. ती दहा वर्षांची असताना धावण्यात आणि गणितात शाळेत पहिली होती. तेव्हा साताऱ्याचं दार मुलींना बंद होतं. सगळ्या सैनिक शाळांत मुलींना प्रवेश सुरू झाला २०२१-२२ पासून, तोवर तिची सहावी उलटून गेली होती. धाकट्याचा फॉर्म पाहून ती काही बोलली नाही, कागद नुसता हातात घेऊन वाचत राहिली. ते मला अजून लागून आहे.

तर दिवाळीनंतर एका रविवारी मी एक अकॅडमी पाहायला गेलो. मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण सकाळी कुठलीही शाळा चांगली दिसते. ऑफिसातल्या सरांनी परीक्षेचं गणित मांडून दाखवलं. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशासाठी १२५ प्रश्न, ३०० गुण, अडीच तास. त्यातले निम्मे गुण एकट्या गणिताचे. उरलेले भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञानात वाटलेले. म्हणून इथं मुलं पहाटे पाचला गणिताला बसतात, असं ते अभिमानानं म्हणाले. त्यांची मेहनत खोटी नव्हती. मी विचारलं, रात्री ताप आला तर मुलाजवळ कोण असतं? रेक्टर आहेत, म्हणाले. रेक्टर किती मुलांना एक? ते जरा थांबले. संडास पाहू का, म्हटलं, तर म्हणाले की पालकांना आत सोडत नाही. आणि घरी फोन? रविवारी, दहा मिनिटं.

बाहेर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताटं घेऊन मुलं रांगेत उभी होती. त्यातलं एक, चौथीतलं असेल, रांग सोडून माझ्याजवळ आलं आणि हळूच म्हणालं, "काका, माह्या मायले एक फोन लावून देता का?" नंबर त्याला पाठ होता. मी लावून दिला. तो फक्त "हो", "जेवलो", "नाई रडत" एवढंच बोलला आणि फोन माझ्या हातात देऊन रांगेत परत गेला. जेवण अजून वाढलंही नव्हतं.

मी स्वतः आठवीपासून अमरावतीला होस्टेलात राहिलो. तिथं मोठी मुलं आमच्याकडून कपडे धुऊन घ्यायची, कधी पट्ट्यानं मारायची. रेक्टरना ठाऊक होतं. मी घरी कधी सांगितलं नाही, कारण वडिलांनी ज्वारी विकून फी भरली होती. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. दहा वर्षांच्या मुलाला तर काय सांगायचं, हेही कळत नाही.

शिकण्यासाठी घर सोडणं वऱ्हाडाला नवं नाही. पापळच्या पंजाबराव देशमुखांच्या शिक्षणाचा काही काळ आमच्या चांदुरात गेला, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल आणि शेवटी थेट इंग्लंड-स्कॉटलंड. गावात पुढचा वर्ग नव्हता, म्हणून घर सोडावं लागलं. पुढे त्यांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. घर सोडून आलेल्या मुलाला छप्पर आणि माणूस दोन्ही लागतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आज गावात पाचवीचा वर्ग आहे, मास्तर आहेत. मग पाचवीसाठी मूल बाहेर कशाला?

आणि एक गोष्ट, जी फॉर्म भरेपर्यंत कितीतरी पालकांना कळत नाही. ज्या जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करायचा, पाचवी त्याच जिल्ह्यात शिकावी लागते. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत आणि त्यातली जागा हवी असेल तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत काढलेली लागतात. आमचं चांदूर रेल्वे नगर परिषदेचं गाव, म्हणजे खेड्यात धरत नाहीत. आजूबाजूच्या खेड्यातला बाप चांगल्या शिकवणीसाठी पोराला चौथीत शहरात आणतो आणि तिथंच त्याची ग्रामीण जागा जाते. बाहेरच्या जिल्ह्यातल्या अकॅडमीत पाचवी काढली तर आपल्या अमरावतीच्या नवोदयवरचा हक्कच संपतो. मग नाव एका शाळेत आणि पोरगं दुसरीकडे, अशी खटपट सुरू होते. कृपा करून यात पडू नका. दहा वर्षांच्या मुलाची सुरुवात खोट्या हजेरीनं कशाला करायची?

घरी बायकोचं म्हणणं होतं, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. आईनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "रातच्याले भूक लागली त थो कोनाले सांगन?" तीन महिने मी तक्ते केले होते, फी, अंतर, निकाल. या प्रश्नाचा रकाना त्यात नव्हता.

शेवटी मुलाला विचारलं. हे आधी करायला हवं होतं. तो म्हणाला, परीक्षा देतो, पण इथून देतो. चंद्रपूरला लागलो तर जाईन, तिथं घोडे आहेत का? मला माहीत नव्हतं, पाहून सांगतो म्हटलं. तेव्हापासून संध्याकाळी सात ते नऊ आम्ही दोघं ओसरीवर बसतो. अपूर्णांक त्याला जमतात, नफा-तोट्यात तो अडखळतो. आजी जवळच शेंगा फोडत बसते. लागला तर सहावीत पाठवीन, आणि त्याआधी तिथले संडास, दवाखाना आणि रेक्टर पाहून येईन. नाही लागला तर इथली शाळा आहेच.

त्या रविवारी रात्री साडेनऊला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्या मुलाची आई होती. संध्याकाळी ज्या नंबरावरून फोन आला होता, तो तिनं जपून ठेवला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी पायलं का त्याले जेवताना?"