विशेषणाचे शेपूट

नाशिकला जर्मनीची ओळख जुनी. सातपूरची 'मायको' 2008 साली 'बॉश' झाली, तरी रिक्षावाले जुन्याच नावाने नेतात! आता मात्र जर्मन शिकतात त्या नर्सिंगच्या मुली. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. माझी पुतणी तिकडेच निघाली आहे. सोबत म्हणून साठी उलटलेला मीही तिच्या वर्गात बसतो.

नर्सला तिथे मान्यता हवी तर साधारणपणे बी-टूची पायरी चढावी लागते. पुतणीचा पाय त्याआधीच, विशेषणांपाशी अडला. वर्गात अठ्ठेचाळीस घरांचा तक्ता मिळाला, तोही इंग्रजीतून समजावलेला. "काका, मी सोडते हा नाद," ती म्हणाली.

आता इंग्रजीतला 'गुड' कुठेही गेला तरी 'गुड'च. मार्क ट्वेनने 1880 साली जर्मनवर चिडून लांबलचक निबंध लिहिला, तो त्याला शोभला. आपण का चिडावे?

मी म्हटले, "माणूस, बाई, मूल यांना 'चांगला' लाव." चांगला, चांगली, चांगले. "आता 'ला' लाव." चांगल्या माणसाला, चांगल्या बाईला, चांगल्या मुलाला! प्रत्यय लागताच तिन्ही लिंगांचे भांडण मिटले. जर्मनमध्येही तेच: डेम गूटेन मान, डेर गूटेन फ्राउ, डेम गूटेन किंट. आपला 'गुलाबी' बदलत नाही, तसा त्यांचा 'रोझा'ही नाही. आणि अर्थही तोच!

नवे आहे ते एवढेच, की तिथे नामाआधी 'डेर' किंवा 'आइन' असे उपपद येते. लिंगाची खूण दोघांपैकी एकाने दाखवली की पुरते. थोरल्या भावाने ट्रंक उचलली की धाकटा मोकळ्या हाताने चालतो, तसे. 'डेर' खूण दाखवतो, म्हणून 'डेर गूटे मान'. 'आइन' रिकाम्या हाताचा, म्हणून 'र' विशेषणाच्या डोक्यावर: 'आइन गूटर मान'. एवढे कळल्यावर तक्त्यातली निम्मी घरे पुतणीने स्वतःच भरली.

नामांची लिंगे मात्र पाठच करावी लागतात. चमचा त्यांच्याकडेही पुल्लिंगी, पण काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. सध्या आमच्या स्वयंपाकघरात भांड्याभांड्याला चिठ्ठ्या चिकटल्या आहेत. काल वहिनींनी विचारले, "भाऊजी, झाऱ्याचे काय?" आम्ही दोघे शब्दकोश शोधायला उठलो.