वीणेच्या तारा आणि सहलीचा दिवस



शाळेला सुट्टी लागली की मुलांचा हट्ट सुरू होतो, मोठ्या पाळण्यांच्या बागेत जायचे! पूर्वी गोराईचे एस्सेल वर्ल्ड होते. १९८९ साली सुरू झालेले ते उद्यान २०२२ साली बंद झाले. आता मुले खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे नाव घेतात. आपण पै-पै साठवून तिकिटे काढतो आणि मग एकच ध्यास घेतो, पैसे वसूल झाले पाहिजेत!

आमच्याही घरी असेच झाले. सकाळपासून मी मुलांना एका रांगेतून दुसऱ्या रांगेत पळवले. धाकटा "जरा बसतो" म्हणाला, तर त्याच्यावर ओरडले. सासूबाई पिशव्या सांभाळत उन्हात बसलेल्या. संडास कुठे आहे हे विचारायचा संकोच, म्हणून त्यांनी दिवसभर पाणीच घेतले नाही. संध्याकाळी बसथांब्यावर त्यांना भोवळ आली. धाकटा गाडीत ओकला. तिकिटाचे पैसे वसूल झाले, पण आनंद कोठे गेला?

तेव्हा सोण भिक्खूची कथा आठवली. चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मनाला शांती मिळेना. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? आणि फार सैल सोडल्या तर? सोणाला उत्तर उमगले. सहलीलाही हाच मध्यम मार्ग लागू आहे.

घरून पोटभर न्याहारी करून निघा, कारण बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत. मुलांना विचारून प्रत्येकाचे आवडते दोन खेळ ठरवा आणि सकाळी, ऊन चढण्यापूर्वी ते उरका. गर्दी होण्याआधीच जेवा. जेवणानंतर तासभर गरगर फिरणारे पाळणे नकोत, सावलीत बसा किंवा छपराखालचा खेळ पाहा. गरोदर भगिनींनी व हृदयविकार असलेल्यांनी जोराच्या पाळण्यांत बसू नये. आत शिरताच संडास आणि पाण्याची जागा पाहून ठेवा व घरातल्या वडीलधाऱ्यांना ती दाखवा. पिशव्या आळीपाळीने सांभाळा, पुरुषांनीसुद्धा! उन्हाने थकवा आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. चमचा चहाचा घ्यावा. भोवळ आली किंवा उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांकडे न्या. आणि त्याच दिवशी कार्ले-भाजे लेणीही उरकण्याचा मोह टाळा. लेण्यांना स्वतंत्र दिवस द्या.

विसावा म्हणजे आळस नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी सुट्टी देणारा कायदा १९४५ साली झाला, तर आठवड्याचे ५४ तास १९४६ साली ४८ वर आले. माणसाला विश्रांतीचा हक्क आहे, हे त्यांनी कायद्यात आणले. तो हक्क आपणच आपल्या सासूबाईंना आणि लेकरांना नाकारावा काय?

यंदा पुन्हा जाऊ. दोन पाळणे कमी झाले तरी चालतील. सासूबाईंना आधी पाणी, मग पाळणे!

सर्वांचे मंगल होवो.